लघुमूर्तींच्या त्वचेसाठी रंगांची निवड : कौंडण्यपूरच्या एका प्रसंगाच्या अनुषंगाने

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे विदर्भराज भीष्मकाचे राजनगर व रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने प्रसिद्ध आहे. अंबिकेचे दर्शन घेऊन परतणाऱ्या रुक्मिणीचे श्रीकृष्णाने केलेले हरण हा चित्रकारांचा व मूर्तिकारांचा जुना विषय होय. हा प्रसंग ५४ मिलिमीटर उंचीच्या लहान मूर्तींत, वास्तवाला धरून, मांडावयाचा असे ठरविले तर रथ, वस्त्रे आणि अलंकार यांच्यापेक्षा अवघड प्रश्न उभा राहतो तो त्वचेच्या रंगाचा. कृष्ण श्याम आणि रुक्मिणी गौर, एवढे कथेवरून ठाऊक असते. परंतु श्याम आणि गौर म्हणजे रंगाच्या वाटीत नेमके काय कालवावयाचे, हे कथा सांगत नाही.

प्रचलित रीत अशी, की पांढऱ्यात थोडा तांबडा मिसळून 'अंगाचा रंग' करावयाचा आणि सावळ्या व्यक्तीसाठी त्यातच काळा घालावयाचा. या रीतीने पहिली मूर्ती बाहुलीसारखी गुलाबी दिसते आणि दुसरी राख फासल्यासारखी. याचे कारण त्वचेच्या रचनेत आहे. त्वचेतील मेलॅनिन हे द्रव्य निळा-जांभळा प्रकाश अधिक शोषते व तांबड्याकडील प्रकाश त्या मानाने परत पाठविते. त्वचेखालील रक्त हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातील, सुमारे ५४० ते ५८० नॅनोमीटर लांबीच्या लहरी शोषून घेते. या दोहोंचा परिणाम असा, की त्वचा उजळ असो वा काळी, तिची छटा पिवळा व तांबडा यांच्या दरम्यानच राहते. माणसामाणसांत भेद पडतो तो मुख्यतः रंगाच्या खोलीचा. पांढरा आणि काळा हे त्वचेच्या रंगपट्टीचे दोन शेवट होत, असे समजणे हीच मुळातील चूक होय.

नाट्यशास्त्रातील आहार्याभिनयाच्या प्रकरणात नटांच्या अंगाला लावावयाच्या मिश्रवर्णांची जी चर्चा आहे, ती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. श्वेत व रक्त यांच्या मिश्रणास तेथे पद्मवर्ण म्हटले असून गौरवर्ण मात्र रक्त व पीत यांच्या मिश्रणाने सिद्ध होतो असे सांगितले आहे. आजचा दुकानी 'अंगाचा रंग' म्हणजे त्या ग्रंथाच्या हिशेबाने कमळाचा रंग. गोऱ्या माणसाचा नव्हे! ग्रंथकाराला मेलॅनिन ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, परंतु रंग कालवणाऱ्यांचा अनुभव त्याच्यापाशी होता, हे उघड आहे.

रक्त व पीत यांची ही जोडी मातीच्या रंगांत सहज मिळते. पिवडी आणि गेरू ही दोन्ही लोहाचीच रूपे. पिवडीतील लोहसंयुगात पाणी बांधलेले असते. तव्यावर भाजल्यास ते पाणी निघून जाऊन पिवडी तांबूस होत जाते. थोड्याथोड्या वेळाने चिमूटभर पूड काढून घेतली, तर एकाच मातीतून फिक्या पिवळ्यापासून गेरूपर्यंतच्या पायऱ्या हाती येतात, आणि त्या एकाच कुळातील असल्यामुळे परस्परांत विसंवाद करीत नाहीत. कौंडण्यपूरच्या उत्खननात मिळालेली काळी-तांबडी भांडी हा याच लोहाचा दुसरा प्रत्यय होय : भट्टीत जेथे हवा लागली तेथे माती तांबडी झाली, जेथे ती लागली नाही तेथे काळी. वऱ्हाडच्या पश्चिमेस असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही पिवळ्या व तांबड्या मातीचे रंगच प्रमुख आहेत, आणि तेथील माणसे फिक्या सोनेरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत अनेक वर्णांची आहेत. मात्र मातीची पूड वस्त्रगाळ करून पाण्यात निथळून घेतली पाहिजे. ५४ मिलिमीटरच्या मूर्तीचा चेहरा जेमतेम सात मिलिमीटर. त्यावर एक जाड कण म्हणजे गालावर चामखीळ.

गौर व्यक्तीसाठी पिवडी अधिक, गेरू कमी आणि अगदी थोडा पांढरा पुरे. टायटॅनियमचा पांढरा फार जोरकस असल्यामुळे तो सुईच्या टोकाने घ्यावा. सावळ्यासाठी पांढरा वगळून गेरूत अंबर नावाची तपकिरी माती मिसळावी. अधिक काळ्या वर्णासाठी अंबर आणि हिरमजी घ्यावी. काजळी शक्यतो दूरच ठेवावी. तिच्यात निळसर झाक असते व पिवडीशी गाठ पडताच हिरवट रंग उमटतो. खोलगट जागी छाया हवी असेल तेथे काळ्याऐवजी अंबरात नखभर नीळ पुरते. हरताळ व हिंगूळ जुन्या चित्रांत शोभले, तरी ती विषारी द्रव्ये असून आज त्यांची गरज नाही.

काळ्या त्वचेच्या बाबतीत एक गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. अशी त्वचा आतून परत पाठवीत असलेला प्रकाश थोडा असतो; म्हणून पृष्ठभागावरची चकाकी अधिक उठून दिसते. कपाळ, गालाचे उंचवटे व खांदे यांवर पांढुरका रंग चढविण्याऐवजी तेथे किंचित तकाकी देणारे रोगण लावावे. तळहात व तळपाय मात्र फिकेच ठेवावेत.

आकाराचाही विचार करावा लागतो. ५४ मिलिमीटरची मूर्ती म्हणजे माणसाचा सुमारे बत्तिसावा भाग. ती ३० सेंटिमीटरांवरून पाहणे म्हणजे प्रत्यक्ष माणूस जवळजवळ दहा मीटरांवरून पाहण्यासारखे आहे. त्या अंतरावरून डोळ्यांतील पांढरे कोणाला दिसते? तरीही बुबुळाभोवती शुभ्र पांढरा भरण्याचा मोह सुटत नाही आणि सर्व मूर्ती घाबरल्यासारख्या दिसू लागतात. उलट, खोलीतील पसरट उजेडात भुवईखालची व हनुवटीखालची छाया पुरेशी पडत नाही. ती पातळ रंगाच्या दोन-तीन थरांनी काढावी लागते. मूळ रंगही मनातल्यापेक्षा एक पायरी उजळ धरावा, आणि मूर्ती ज्या दिव्याखाली ठेवावयाची त्याच दिव्याखाली तो पारखावा.

राहिला कृष्ण. परंपरेतील निळा हा संकेत आहे. मानवी त्वचेच्या पट्टीत तो बसत नाही. सर्वच मूर्ती सांकेतिक असतील तेथे तो शोभतो. परंतु वास्तव रंगातील रुक्मिणीशेजारी निळा कृष्ण उभा केल्यास एकाच रथात दोन निराळ्या चित्रपद्धती बसविल्यासारखे होते. तेथे अंबर व हिरमजीचा गडद वर्ण, छायेत निळीची झाक, हाच श्याम शब्दाला अधिक न्याय देणारा मार्ग होय.

अमेरिकेतील क्रेयोला या खडूंच्या कारखान्याने 'त्वचा' या अर्थाच्या नावाने विकला जाणारा आपला फिका गुलाबी खडू १९६२ साली 'पीच' म्हणजे सप्ताळू या नावाने विकावयास घेतला. एका जनसमूहाचा वर्ण सर्व मानवजातीचा ठरविणे त्या नावात होते. कौंडण्यपूरच्या देखाव्यात तीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते : राजकुल सारे गोरे, आणि सारथी, सैनिक व बघे सारे एकाच काळ्या वाटीतले. अशी वर्णविभागणी विदर्भात कधी होती याला आधार नाही. एकाच घरातील भावंडांत तीन छटा आढळतात. म्हणून रुक्मी आणि रुक्मिणी यांना एकाच वाटीतून रंगवू नये, आणि सैनिकांसाठीही निदान चार वाट्या वेगळ्या कालवाव्यात.