आर्ब्वाची द्राक्षे आणि रानातले किण्व

फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दीवर धनुष्याकृती पसरलेल्या ज्यूरा पर्वताचे नाव भूगर्भशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असते, कारण ज्या काळात पृथ्वीवर महाकाय सरटांचे साम्राज्य होते त्या जुरासिक कालखंडाचे नामकरण याच पर्वतातील चुनखडीच्या थरांवरून झाले. परंतु या पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी, जेथे वरच्या पठारांवरची फर आणि बीच वृक्षांची अरण्ये उतरत उतरत द्राक्षमळ्यांच्या बांधांना येऊन भिडतात, तेथे वसलेल्या आर्ब्वा या लहानशा गावात १८७८ च्या शरद ऋतूत जो प्रयोग झाला, त्याचे महत्त्व जीवशास्त्राच्या दृष्टीने त्या चुनखडीहून तिळभरही उणे नाही. तो प्रयोग नीट समजून घ्यायचा तर आधी त्या प्रदेशातला शरद पाहिला पाहिजे, आणि त्या दिवसांत तेथील माणसे रानातून व मळ्यातून घरी काय काय आणतात तेही पाहिले पाहिजे.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आर्ब्वामध्ये नव्या द्राक्षांचा एक भला मोठा घड, म्हणजे अनेक लहान घड एकत्र बांधून रचलेला, खांद्यावरून मिरवीत सेंट जुस्तच्या चर्चमध्ये नेला जातो आणि तेथे अर्पण केला जातो. या उत्सवाला ‘ब्यू’ म्हणतात. त्यानंतर द्राक्षांची तोडणी सुरू होते, आणि तोडणीच्या आगेमागे रानाकडे जाणाऱ्या पायवाटांवरून टोपल्या घेतलेली माणसे दिसू लागतात.

कुंपणांच्या कडेने आणि रानाच्या वेशीवर ब्लॅकथॉर्नची काटेरी झुडपे असतात. त्यांची निळसर काळी फळे बोटाच्या पेराहून लहान असून त्यांच्यावर मेणाचा एक धुरकट पांढरा थर चढलेला असतो, आणि बोट फिरवताच तो थर पुसला जाऊन खालची गडद, चकचकीत साल उघडी पडते. ऑक्टोबरच्या प्रारंभी हे फळ चावून पाहणाऱ्याचे तोंड क्षणात कोरडे पडते. कारण फळातील टॅनिन ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, जिभेवरचे स्वाभाविक वंगण नाहीसे होते आणि आपण ज्याला तुरटपणा म्हणतो ती खरखरीत संवेदना उरते. म्हणून जुनी जाणती माणसे पहिल्या कडाक्याच्या दहिवरापर्यंत थांबतात. पेशींतील पाणी गोठून त्यांच्या भित्तिका फुटल्या, फळ पिकून मऊ झाले, की तो तुरटपणा बराच ओसरतो. ही फळे मद्यार्कात किंवा द्राक्षमद्यात साखरेसह मुरत घालतात. मात्र आतली कठीण बी फोडायची नाही असा दंडक आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे, कारण त्या बीतील अमिग्डॅलिनपासून सायनाइड निर्माण होते.

अळिंबीच्या बाबतीत तर दंडक अधिकच कडक आहेत. बीच आणि ओक वृक्षांच्या मुळांशी ज्यांच्या तंतूंचे जन्माचे साहचर्य जुळलेले असते, जे तंतू झाडाला जमिनीतले क्षार पुरवतात आणि मोबदल्यात त्याच्याकडून साखर घेतात, त्या ‘सेप’ जातीच्या अळिंबीची शेतात लागवड करण्याचे प्रयत्न आजवर फलद्रूप झालेले नाहीत. ती खायची तर रानातच जावे लागते. फ्रान्सच्या कायद्यानुसार रानातील उपज जमिनीच्या मालकाची असते, आणि सरकारी अरण्यांत माणशी दिवसाला पाच लिटरच्या टोपलीपर्यंत मुभा दिली जाते. त्यापुढे दंडाचा मामला. परंतु कायद्याच्या दंडाहून निसर्गाचा दंड फार मोठा आहे. त्याच ओक वृक्षांखाली, त्याच आठवड्यांत, फिकट हिरवट छत्रीची ॲमानिटा फॅलॉइडीस ही अळिंबी उगवते. ती खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही. मग वांत्या आणि जुलाब सुरू होतात, ते थांबतात, रोग्याला बरे वाटू लागते, आणि याच फसव्या विश्रांतीच्या काळात तिच्यातील ॲमानिटिन हे विष यकृताच्या पेशींतील एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, जखडून टाकीत असते. ज्या विकरावाचून पेशीला आपल्या जनुकांतील आज्ञांच्या नकला करता येत नाहीत, तेच बंद पडल्यामुळे नवी प्रथिने तयार होणे थांबते आणि यकृत मरू लागते. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. फ्रान्समधील औषधविक्रेत्यांना त्यांच्या अभ्यासक्रमातच अळिंबीची ओळख शिकवलेली असते आणि टोपली घेऊन त्यांच्याकडे जाण्याचा तेथे प्रघात आहे. ज्ञान समाजाच्या हाताशी ठेवण्याची इतकी साधी आणि इतकी परिणामकारक तजवीज मला दुसरी क्वचितच आढळली आहे.

फळे आणि अळिंबी डोळ्यांना दिसतात. त्या ऋतूत रानातून घरात येणारी सर्वांत मोलाची वस्तू मात्र कोणालाही दिसत नाही, आणि ती आणल्याचे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

घरच्या चार ओळींच्या मळ्यातील द्राक्षे तुडवून रस, साल व बिया यांचा रवंदा एका पिंपात भरला, वर फडके बांधले आणि पिंप तळघराच्या कोपऱ्यात ठेवले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यातून सूक्ष्म बुडबुडे वर येऊ लागतात, साली वर ढकलल्या जाऊन त्यांचा जाड थर बनतो, रवंदा हाताला कोमट लागतो आणि गोडसर वासाला एक तीव्र धार येते. साखरेच्या वजनाच्या सुमारे निम्म्या भागाचा मद्यार्क होतो आणि उरलेल्याचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. एका लिटर रसातून सुमारे पन्नास लिटर वायू सुटतो, आणि तो हवेहून जड असल्यामुळे बंद तळघरात जमिनीलगत साचून राहतो. हंगामात अशा तळघरांत गुदमरून माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत, म्हणून खिडकी उघडल्याशिवाय पिंपावर वाकू नये. पण या साऱ्या उलथापालथीसाठी माणसाने रसात काहीच घातलेले नसते. आपल्या गोव्यातही काजूची बोंडे तुडवून काढलेला रस भांड्यात नुसता ठेवला की आपोआप फसफसू लागतो, आणि त्याच्यावरच हुर्राकाचा आणि फेणीचा सारा कारभार चालतो. मग हे घडवून आणणारे कोण, आणि ते येते कोठून?

लुई पाश्चर यांचे बालपण आर्ब्वामध्ये गेले. त्यांचे वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत आणि घर क्विझांस नदीच्या काठी होते. साखरेचे मद्य होण्याची क्रिया किण्वांच्या, म्हणजे यीस्टच्या, जीवनव्यापारावाचून होत नाही हे मत त्यांनी पूर्वीच मांडले होते आणि १८६६ मध्ये द्राक्षमद्यावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. परंतु १८७८ च्या फेब्रुवारीत क्लोद बर्नार हे थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ निवर्तले आणि त्यांच्या अप्रकाशित टिपणांत, सजीव किण्व नसतानाही पिकलेल्या द्राक्षांच्या रसात मद्यार्क आपोआप उद्भवतो, असा आशय आढळला. रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो यांनी ती टिपणे त्याच उन्हाळ्यात छापून टाकली. मृत मित्राशी वाद घालणे पाश्चर यांना क्लेशदायक होते, पण उत्तर न देणे त्याहून अशक्य होते. दहा वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताने त्यांचे डावे अंग अधू झालेले होते. तरीही त्यांनी पॅरिसमध्ये काचगृहे तयार करवून घेतली आणि ती आर्ब्वाजवळच्या आपल्या मळ्यात, वेलींवर, घाईघाईने उभी केली.

घाई करण्याचे कारण त्या प्रयोगाच्या गाभ्याशीच होते. द्राक्षे हिरवी असताना त्यांच्यावर मद्याचे किण्व नसते, ते पिकण्याच्या सुमारास येते, हे निरीक्षण पाश्चर यांनी आधी केलेले होते. तेव्हा ते येण्यापूर्वीच वेल काचेखाली गेली पाहिजे होती. अधिक खबरदारी म्हणून काचगृहातील काही घड त्यांनी उष्णतेने निर्जंतुक केलेल्या कापसात गुंडाळले. ऑक्टोबरमध्ये द्राक्षे पिकली. उघड्यावरच्या वेलींचे मणी चुरडून उबदार जागी ठेवले, तेव्हा एकदोन दिवसांत रस फसफसला. कापसातल्या घडांचा रस गोडच्या गोड राहिला. त्यांनी मग काचगृहातले काही घड कापूस काढून बाहेरच्या वेलींवर टांगले, आणि थोड्याच अवधीत त्यांनाही आंबण्याची शक्ती प्राप्त झाली. कापसात गुंडाळलेल्या घडांसह वेली घेऊन ते पॅरिसला गेले आणि विज्ञान अकादमीतील सहकाऱ्यांनी स्वतः ते मणी चुरडून पाहावेत असे आवाहन त्यांनी केले. मुद्दा वादपटुत्वाने जिंकण्याऐवजी प्रतिपक्षाच्या हातात पुरावा देऊन त्यालाच तपासायला सांगण्याची ही रीत मला शास्त्रीय सभ्यतेचा उत्तम नमुना वाटते. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी किण्वपेशी चिरडून काढलेल्या निर्जीव अर्कानेही साखरेचा मद्यार्क होतो हे सिद्ध केले, आणि विकरांविषयीच्या बर्नार यांच्या कल्पनेला एका अर्थाने दाखला मिळाला. पण ती विकरे सजीव किण्वानेच घडवलेली असतात आणि ते किण्व बाहेरून येते, हा पाश्चर यांचा निवाडा अबाधित राहिला.

बाहेरून म्हणजे कोठून, हा प्रश्न मात्र शतकाहून अधिक काळ पडून होता. हवेतून, असे म्हणणे सोपे होते. परंतु १९९९ मध्ये मॉर्टिमर आणि पॉल्सिनेली यांनी मणी एकेक करून तपासले तेव्हा निरोगी, न फुटलेल्या द्राक्षांत सुमारे हजारात एकावरच ‘सॅकरोमायसीज सेरेव्हिसी’ हे मद्याचे किण्व आढळले, आणि साल फाटलेल्या मण्यांत सुमारे चारांत एकावर. हवेने आणले असते तर ते सर्व मण्यांवर सारखेच पडायला हवे होते. मण्याची साल कोण फाडते, याचा शोध घेतल्यावर उत्तराचा धागा सापडला.

२०१२ मध्ये फ्लॉरेन्सच्या दुच्चो कावाल्येरी यांच्या चमूने असे दाखवून दिले की गांधीलमाश्यांच्या, विशेषतः युरोपीय मोठ्या गांधीलमाशीच्या, आतड्यांत हे किण्व वर्षभर जिवंत असते. पिकल्या द्राक्षाच्या सालीला पात्यासारख्या जबड्यांनी भोक पाडून रस पिताना ती ते मण्यावर सोडते आणि मण्यावरून घेतेही. थंडी पडली की वसाहत मरते. तगतात त्या केवळ फलित झालेल्या राण्या, ज्या झाडांच्या साली आणि ढोलींमध्ये हिवाळा काढतात आणि वसंतात नवे पोळे बांधून अळ्यांना तोंडातून अन्न भरवतात, आणि त्या घासाबरोबर किण्वही पुढच्या पिढीकडे जाते. त्याच संशोधकांनी २०१६ मध्ये असेही निदर्शनास आणले की किण्वांच्या निरनिराळ्या वाणांचा संकर या कीटकांच्या आतड्यात घडून येतो, जो एरवी निसर्गात दुर्मीळ आहे. ओक वृक्षांच्या सालीवरही या किण्वाचे आणि त्याच्या भाऊबंदांचे वास्तव्य अनेक देशांत आढळले आहे. अर्थात सारे वहन गांधीलमाश्याच करतात असा दावा कोणी केलेला नाही. फळमाश्या आणि इतर कीटकांचाही त्यात वाटा आहे. पण रानाची कड आणि द्राक्षाचा मळा या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत हा आपला समज या शोधाने खोटा पाडला. मळ्याच्या मालकाने तोडणीच्या वेळी गांधीलमाश्यांची पोळी जाळावीत, यात त्याचे दुखणे मला कळते, कारण डंखाचे भय खरे आहे. तरी पोळ्याबरोबर तो आपल्या तळघरातल्या कामगारांचे हिवाळी घर जाळीत असतो.

या किण्वाने मद्यार्क तरी का करावा? प्राणवायू उपलब्ध असताना साखर पुरती जाळली तर तिच्यातून कितीतरी अधिक ऊर्जा मिळते, आणि तरीही भरपूर साखर समोर आली की हे किण्व ती अर्धवट मोडून मद्यार्क करीत सुटते. जीवशास्त्रज्ञांचे स्पष्टीकरण असे की फुटक्या फळातील रस हा अल्पकाळ टिकणारा आणि शेकडो सूक्ष्मजीवांनी घेरलेला ऐवज असतो; तो झपाट्याने उपसून त्याचे विषात रूपांतर केले की प्रतिस्पर्धी मरतात, आणि स्वतः ते विष सोसणारे किण्व मागाहून तोच मद्यार्क प्राणवायूच्या साहाय्याने अन्न म्हणून सावकाश पचवते.

ज्यूरामधील तळघरांत या दुसऱ्या अंकाचाही उपयोग करून घेतात. साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाचे मद्य ओकच्या पिंपात भरून ठेवतात आणि उडून गेलेल्या भागाची भर घालीत नाहीत. मोकळ्या राहिलेल्या पृष्ठावर किण्वाचा एक सुरकुतलेला पातळ पडदा धरतो, आणि त्या पडद्याखाली ते किमान ६० महिने राहते. तोडणीनंतर सहा वर्षे तीन महिने उलटल्याशिवाय हे ‘व्हँ झोन’ विकता येत नाही, आणि ते विकले जाते ६२ सेंटिलिटरच्या खास बाटलीतून. त्याचा वास आक्रोडाचा आणि मसाल्याचा असतो. त्या वासातील एक प्रमुख द्रव्य सोटोलॉन होय, आणि आपल्या घरी मेथीचे दाणे भाजताना जो वास दरवळतो त्याचे कारण हेच द्रव्य आहे.

आज बहुतेक कारखाने आणि पुष्कळसे घरगुती मद्यकारही पुडीतले सुके किण्व वापरतात. त्याने रस बिघडण्याची धास्ती कमी होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या प्रदेशांतील वन्य किण्वे एकाच जातीच्या द्राक्षरसात सोडून पाहिली, तेव्हा प्रदेशागणिक मद्याचे रासायनिक गुणधर्म बदललेले आढळले. म्हणून ज्यांना आपल्या मळ्याचेच किण्व हवे असते ते मुख्य तोडणीच्या काही दिवस आधी थोडी द्राक्षे मळ्याच्या निरनिराळ्या भागांतून आणतात, स्वच्छ भांड्यांत वेगवेगळी चुरडतात आणि आंबू देतात. मग प्रत्येक भांडे हुंगून पाहतात. ज्याला शिरक्याचा किंवा नखांच्या रंगाच्या पातळकासारखा वास येतो ते ओतून देतात. जे स्वच्छ, जोमदार फसफसते तेवढेच विरजणाप्रमाणे नव्या रसाच्या पिंपात घालतात, आणि उरलेल्या द्राक्षांच्या तोडणीला लागतात.