डाव्या हाताचं गाणं

"बाई, डिसेंबरात गॅदरिंग आहे. तोवर ह्याला 'फ्यूर एलिझे' येईल ना?"

दरवर्षी पावसाळा सरत आला की कुणाची तरी आई मला हा प्रश्न विचारते. त्यात तिची चूक नाही. पियानो म्हटलं की घरोघरी तेवढी एकच सुरावट ठाऊक असते. बीथोवननं ती १८१० साली लिहिली, पण छापली गेली १८६७ मध्ये, म्हणजे तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. आज मात्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला तीच हवी असते, आणि खरं म्हणजे तिचं पहिलं पानच हवं असतं. ते सोपं आहे. पुढची पानं कुणी मागत नाही.

पूर्वी मी ते पान देऊन टाकत असे. आई खूश, मुलगा खूश. पण असं करण्यात काय बिघडतंय, हे मला कळलं ते एका अकरा वर्षांच्या मुलामुळे. तो चार वर्षं पेटी शिकून माझ्याकडे आला होता. उजवा हात असा तयार, की पहिल्याच दिवशी त्यानं ऐकलेली चाल बिनचूक वाजवून दाखवली. डावा हात मात्र मांडीवर स्वस्थ पडलेला. तो पट्ट्यांवर ठेवायला लावला की उजवाही अडखळायचा. मी आपली म्हणत राहिले, "अरे, रियाज वाढव." सहा महिन्यांनी तो म्हणाला, "बाई, मला नाही जमत. मी परत पेटीच वाजवतो."

त्या रात्री माझ्या ध्यानात आलं, की त्याचा डावा हात आळशी नव्हताच. चार वर्षं तो भाता मारत होता! पेटीवर गाणं उजव्या हाताचं आणि वारा डाव्याचा. (जुन्या पायपेटीवर पाय भाता मारायचे नि दोन्ही हात मोकळे असायचे, ती घरांतून गेली.) शिवाय पेटीचा सूर भाता चालू असेतो टिकतो, आणि पट्टी जोरात दाबली म्हणून मोठा होत नाही. पियानोत हातोडी तारेवर पडते, सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. लहान-मोठा जो करायचा तो बोटानंच. हे सगळं त्याला नवं होतं, आणि मी त्याला तुकडे देत होते ते असे, की ज्यांत डाव्या हाताला साथीची हमाली.

मग मी शोधू लागले. हंगेरीच्या बार्टोकनं १९२६ ते १९३९ या काळात 'मिक्रोकॉस्मॉस' लिहिलं. सहा भाग, १५३ तुकडे. पहिले दोन भाग आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केलेले. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात, वेगवेगळ्या सप्तकांत. मुलं पहिल्यांदा नाकं मुरडतात, कारण बार्टोक कानाला गोड नाही. माझ्याही कानाला तो गोड लागायला बरीच वर्षं लागली. पण डाव्याला पहिल्या दिवसापासून गाणं मिळतं.

त्या मुलाला परत आणलं ते मात्र शूमाननं. १८४८ साली थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसासाठी त्यानं काही छोटे तुकडे लिहिले आणि त्यातून ४३ तुकड्यांचं एक पुस्तक झालं. त्यातला दहावा तुकडा कामावरून घरी परतणाऱ्या आनंदी शेतकऱ्याचा. त्यात चाल आहे डाव्या हातात! उजवा मधूनमधून हलकेच सूर टेकवत साथ करतो. मी त्याच्या घरी फोन केला, "एकदा ये, एकच गोष्ट दाखवायची आहे." तो आला. मी वाजवलं. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि विचारलं, "गाणं खाली आहे?"

तीन महिने लागले. उजवा हात ऐकेना. त्याला गप्प बसायची सवयच नव्हती. मी त्याला डाव्यानं वाजवताना तोंडानं चाल गुणगुणायला लावलं, तेव्हा कुठे उजवा जरा नरमला. गॅदरिंगला त्यानं तेच वाजवलं. मिनिटभरात संपलं. बाहेर आल्यावर त्याची आई हळूच म्हणाली, "एवढंच?" मला तिचं वाईट वाटलं नाही. पण याआधी ज्या दोघा-तिघांचा पियानो "जमत नाही" म्हणून सुटला, त्यांचे डावे हात मला तिथे उभ्या उभ्या आठवत राहिले. त्यांना मी काय दिलं होतं?

यंदा आम्ही 'फ्यूर एलिझे' घेतलंय, सगळं. पहिलं पान त्यानं आठवड्यात उरकलं. पुढे एके ठिकाणी डाव्या हाताला खर्जातला एकच सूर सारखा वाजवत राहायचं असतं आणि वर उजव्याची वादळं. आई दर शनिवारी विचारते, झालं का? सध्या आम्ही तिथेच अडलो आहोत.