मुंबईत ‘वाइन शॉप’ पुष्कळ, वाइन कुठे?

बाहेरगावाहून मुंबईत आलेल्या पाहुण्याला संध्याकाळी एखाद्या स्नेह्याकडे जेवायला जायचे असते. पूर्वी अशा वेळी पेढ्यांचा पुडा पुरत असे. आता काही घरांतून वाइनची बाटली नेण्याची रीत रुळली आहे. पाहुणा बाटलीच्या शोधात निघतो आणि त्याला ती शोधावीच लागत नाही. कोणत्याही उपनगरी स्थानकाबाहेर पाच मिनिटे चालले की ‘वाइन शॉप’ अशी ठळक पाटी दिसते. अडचण सुरू होते ती पाटीखाली उभे राहिल्यावर.

लोखंडी जाळी, जाळीपलीकडे गल्ला आणि गल्ल्यामागे व्हिस्की, रम, व्होडका यांच्या रांगा. वाइन असते, पण सर्वांत वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या पुढ्यात, उभी आणि धुळीने माखलेली. ‘साहेब, रेड की व्हाइट?’ एवढ्या प्रश्नावर मार्गदर्शन संपते. मागे रांग खोळंबलेली असते. पाहुणा बोटाने दिसेल ती बाटली दाखवतो, ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हाती पडते. रात्री यजमान एक घोट घेऊन सौजन्याने हसतात.

या फसगतीचे मूळ पाटीत आहे. महाराष्ट्रात बोलीभाषेत ‘वाइन शॉप’ म्हणजे विदेशी मद्याचे किरकोळ दुकान. परवाना सर्व प्रकारच्या मद्याचा असतो आणि धंदा मुख्यतः व्हिस्की-रमचा. गंमत अशी की, ज्या दुकानांना ‘बिअर शॉपी’ म्हणतात त्यांना बिअरबरोबर वाइनही विकता येते. ‘परमिट रूम’ हा तिसरा प्रकार. तिथे बसून प्यायचे असते. तेव्हा पाटीवरून काहीच ठरत नाही.

व्हिस्कीची बाटली वर्षभर फळीवर उभी राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. वाइनचे तसे नाही. तिच्यात मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के असतो, आणि ती उष्णता, प्रकाश व हवा या तिन्हींना भिते. तिला मानवते ते १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमान. मुंबईत ऑक्टोबरच्या उन्हात पारा ३३-३४ अंशांवर सहज जातो. पत्र्याच्या माळ्यावर रचलेल्या खोक्यांत तो किती चढत असेल याची कल्पना करावी. अशा उकाड्यात बाटलीतला द्रव फुगतो, बूच वर सरकते, हवा आत शिरते. फळांचा ताजा गंध जातो आणि उरते ती शिजवलेल्या मुरंब्यासारखी किंवा थेट शिरक्याकडे झुकणारी चव.

नाशिक मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटरवर आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात वाइननिर्मिती सुरू केली, १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला ‘सुला’ची स्थापना केली, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणून या व्यवसायाला करसवलतींचे बळ दिले. वाइनरीत द्राक्षाचा रस थंड टाक्यांत आंबवला जातो, वाइन तापमान सांभाळून साठवली जाते. एवढी निगा राखलेली बाटली कसारा घाट उतरून मुंबईत येते आणि अखेरच्या दोन मीटरांत, म्हणजे दुकानाच्या फळीवर, वाया जाते. ग्राहक मात्र ‘आपली वाइन आंबटच’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दुकानदाराचे नाव त्यात कुठेच येत नाही. बट्टा लागतो तो बागाईतदाराच्या मालाला.

म्हणूनच बाटलीआधी दुकान पारखावे. पहिली खूण थंडाव्याची. दुकान वातानुकूलित आहे का, आणि वाइनसाठी वेगळे शीतकपाट आहे का, हे बाहेरूनच कळते. बिअरच्या फ्रिजमध्ये पांढरी वाइन ठेवलेली असेल तर थोड्या दिवसांपुरते ठीक. महिनोन्‌महिने तिथे राहिलेल्या बाटलीचे बूच कोरडे पडू शकते. दुसरी खूण मांडणीची. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या असाव्यात, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाला ती अट नाही, आणि फिरकीचे झाकण म्हणजे हलका माल हा समज तर सोडूनच द्यावा. दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात सजवून ठेवलेली बाटली कितीही देखणी असली तरी घेऊ नये. पारदर्शक काचेतली गुलाबी वाइन आणि फेसाळ वाइन यांना प्रकाश विशेष बाधतो.

मग बाटली हातात घ्यावी. बूच वर आलेले वाटते का, आवरणाखालून चिकट ओघळ आहे का, मानेतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. त्यानंतर वर्ष. लेबलावरचे वर्ष द्राक्षांच्या तोडणीचे असते. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नाशिककडे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. त्यामुळे आपल्याकडची त्याच वर्षाची पांढरी वाइन वर्ष संपण्यापूर्वी दुकानात आलेली असू शकते. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ यांसारख्या बहुतेक पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. चार वर्षांची जुनी पांढरी बाटली ‘मुरलेली आहे’ म्हणून कोणी पुढे केली तर ती मुरलेली नसून बहुधा उरलेली असते. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यो या लाल प्रकारांना थोडी अधिक सवड असते, पण मुंबईच्या फळीवर ती सवडही आटते.

गोड ‘पोर्ट वाइन’ हे एक वेगळेच प्रकरण. पोर्तुगालमधील डोरो खोऱ्यातली अस्सल पोर्ट आणि आपल्याकडे त्या नावाने स्वस्तात मिळणारे गोड पेय यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. कोणाला आवडत असेल तर जरूर घ्यावे. जेवणाबरोबरची वाइन म्हणून भेट मात्र देऊ नये.

दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: ‘यातली कोणती लवकर खपते?’ ज्या दुकानात वाइनचा माल फिरता असतो तिथे ती ताजी मिळते. कुलाबा, वांद्रे पश्चिम, जुहू अशा भागांत वाइन पिणारे रहिवासी आणि परदेशी पाहुणे अधिक, म्हणून तिथे बरे दुकान सापडण्याची शक्यता जास्त. फळीवर दोन मोठ्या नावांपलीकडे अकलूजची ‘फ्रातेली’, बंगळूरूजवळची ‘ग्रोव्हर’, नाशिकची ‘यॉर्क’ अशी नावे दिसली तर मालकाला विषयात रस आहे असे समजावे. किमतीत घासाघीस नको, पण छापील किमतीपेक्षा जास्तही देऊ नये. परदेशी बाटलीची महाग किंमत तिच्या गुणवत्तेची असतेच असे नाही. वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के आयात शुल्क होते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आल्यावर तिथल्या ठरावीक किमतीवरील वाइनचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागले.

किराणा व सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो प्रत्यक्षात उतरला नाही. त्यामुळे शोध दुकानांतच घ्यावा लागतो.

कायद्याची बाजू पाहुण्याने विसरू नये. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो. वाइन व बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे, इतर मद्यासाठी २५. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती, आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशीला दुकाने बंद असतात. मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तासही कोरडेच. गणपती पाहायला आलेल्यांनी खरेदी आदल्या दिवशी उरकावी.

बाटली गावी न्यायची असेल तर गाव कोणते हेही पाहावे. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, गुजरातेत तर राज्यभर. बाकीच्यांनी पावती जपून ठेवावी, बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवावी आणि परतीची गाडी रात्रीची असली तर ती दुपारभर टॅक्सीच्या डिकीत तापू देऊ नये.