पक्ष्यांचें दाणा-पाणी मळ्यांत कोठें मांडावें?

पक्ष्यांस दाणा घालण्याची चाल आपल्या लोकांत फार जुनी आहे. पितृपक्षांत कावळ्यास घास ठेवावयाचा, आणि ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावर चढून गोफण फिरवावयाची, हीं दोन्ही कामें एकच शेतकरी करितो व त्यास त्यांत कांहीं विसंगत वाटत नाहीं. आमच्या मतें तें योग्यच आहे. पक्षी मित्र ठरेल कीं शत्रु ठरेल, हें पुष्कळ अंशीं आपण त्यास कोठें बोलावितों यावर अवलंबून असतें. हल्लीं शेतावरील घरापुढें दाण्याचें भांडें टांगण्याची हौस वाढत आहे; सबब त्याच्या जागेविषयीं येथें चार शब्द लिहीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, दाण्यास येणारे पक्षी निराळे आणि किडीस येणारे निराळे. बाजरी किंवा तांदळाची कणी मांडली असतां चिमण्या, होले, पारवे व पोपट येतात. कोतवाल, नीळकंठ व वेडा राघू हे त्या दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. त्यांस हालतें भक्ष्य आणि तें नजरेंत येईल अशी उंच बैठक पाहिजे. साळुंकी मात्र दोन्ही पंक्तींस हजर असते. कोणता पक्षी काय खातो, हा केवळ तर्काचा विषय नाहीं. बिहारांतील पुसा येथील शेतकी संस्थेंत मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनीं पक्ष्यांचीं पोटें फाडून तपासलीं व त्यावरील ग्रंथ १९१२ सालीं प्रसिद्ध झाला. दाणे खाणारी चिमणीदेखील आपल्या लहान पिलांस किडे भरविते. चीन देशांत १९५८ सालीं उंदीर, माश्या व डास यांच्या जोडीस चिमणीलाही शत्रूंच्या यादींत घातलें, थाळ्या बडवून लक्षावधि चिमण्या दमवून मारल्या. पुढें पिकांवर कीड माजली, तेव्हां १९६० सालीं तिचें नांव काढून तेथें ढेकणाचें नांव लिहावें लागलें!

यावरून जागेचा मुख्य नियम निघतो. दाणा घरापाशीं असावा, पिकांत असूं नये. पिकांत फक्त बैठक असावी.

घरापाशीं म्हणजे नेमका कोठें? भांडें झुडपास लगटून ठेविलें तर मांजर दबा धरून बसतें. अगदीं उघड्या खळ्यांत ठेविलें तर शिकरा आला असतां पक्ष्यांस आसरा नाहीं. झाडापासून सुमारें १० फूट अंतर, चार-पांच फूट उंची आणि दुपारची सांवली, अशी जागा उत्तम. ज्यांनीं नव्या तऱ्हेच्या मोठ्या कांचांच्या खिडक्या बसविल्या आहेत, त्यांनीं अधिक जपावें. कांचेंत झाडें व आभाळ दिसतें आणि पक्षी त्यावर आपटून मरतो. भांडें एक तर कांचेपासून ३ फुटांच्या आंत असावें, म्हणजे उडतांना त्यास वेग येत नाहीं. नाहीं तर ३० फुटांपलीकडे असावें. मधलें अंतर घातक.

कणगी, गोठा व कडब्याची गंजी यांजवळ दाणा मांडूं नये. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. एका दिवसांत संपेल इतकाच दाणा घालावा; भिजून बुरशी आलेला फेंकून द्यावा. औषध चोळलेलें रंगीत बियाणें पेरणीनंतर उरलें म्हणून पक्ष्यांस घालणें म्हणजे विष घालणेंच होय. पाण्याचें परळ उथळ, दोन-तीन बोटें खोल असावें आणि रोज घांसून भरावें. सांचलेल्या पाण्यांत डासांची पैदास होते.

ज्यांचा कोंबड्यांचा धंदा आहे, त्यांनीं खुराड्यापाशीं दाणा मुळींच मांडूं नये. रानपक्ष्यांच्या विष्ठेबरोबर मानमोडीसारखे रोग येऊं शकतात. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर भागांत बर्ड फ्लूमुळें लक्षावधि कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, हें पुष्कळ वाचकांस आठवत असेल. तो रोग तेथें कसा शिरला हा प्रश्न वेगळा. परंतु रानपक्षी व कोंबड्या यांची पंगत एक होऊं न देणें आपल्या हातीं आहे.

आणखी एक जागा टाळावी, ती म्हणजे बांध. बांधावरच्या दाण्यास जमलेला थवा पोट भरल्यावर उगाच बसून राहत नाहीं. तो शेजाऱ्याच्या कणसांवर उतरतो. आमचा उभा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. हातभर बांधावरून तीन पिढ्या कज्जा चाललेला आम्ही पाहिला आहे. त्यांत पारव्यांची भर कशास?

आतां शेतांतील बैठक. हिचा खरा उपयोग हरभऱ्यांत दिसतो. घाटेअळी प्रथम कोंवळीं पानें व फुलें खाते आणि मग घाट्यास छिद्र पाडून डोकें आंत, अर्धें अंग बाहेर, अशी दाणा पोखरते. त्या वेळीं ती पक्ष्यास सहज सांपडते. मात्र पक्ष्यास बसावयास जागा पाहिजे. विजेच्या तारेवर कोतवाल बसतो तो हौसेनें नव्हे. तेथून त्यास खालचें रान दिसतें. तशीच जागा आपण काठीवर आडवी काठी बांधून करावी. पिकापेक्षां ती दोन-तीन फूट उंच असावी. हेक्टरी २० थांबे हें प्रमाण शेतकी खात्याकडून सांगितलें जातें. आपल्या हिशोबानें तें दर पांच गुंठ्यांस एक, म्हणजे एकरीं आठ पडतें, व दोन थांब्यांत सुमारें ७० फूट अंतर येतें. सर्व काठ्या कडेनें रोंवून मोकळें होण्याची पुष्कळांस संवय आहे. तिनें काठचेंच पीक राखलें जातें, अळी मध्यभागीं निर्धास्त असते. फुलें लागण्यापूर्वीं थांबे उभे झाले पाहिजेत. घाटे पोखरल्यावर उभारून काय होणार? पेरतांना हरभऱ्याच्या बियांत हेक्टरी २०० ग्रॅम ज्वारी मिसळण्याची युक्तीही चांगली. तिचीं धाटें फुकटचे थांबे होतात. शिवाय रात्रीं त्याच काठ्यांवर पिंगळा किंवा गव्हाणी घुबड येऊन बसतें आणि उंदीर टिपतें. घुबडास अशुभ मानून हुसकणारे शेतकरी उंदरांवर विषाचा खर्च कां करितात, हें आम्हांस समजत नाहीं.

जे थांबे ज्वारी, बाजरी किंवा सूर्यफुलांत उभारले असतील, ते मात्र दाण्यांत दूध भरूं लागतांच उपटून काढावे. एक आठवडा आळस केला कीं त्याच काठ्यांवर पोपट बसूं लागतात. उपटलेल्या काठ्या गोठ्याच्या आढ्यावर कोरड्या ठेवाव्या, म्हणजे पुढच्या रब्बींत हरभऱ्यास त्याच कामीं येतात.