नजर छातीवरच राहू दे

लहान मुलाचं हृदय थांबलं की सीपीआर देणाऱ्याला मिनिटाला 100 ते 120 दाब द्यावे लागतात, छातीच्या जाडीच्या निदान एक तृतीयांश खोल. तान्ह्या बाळाला साधारण 4 सेंटीमीटर, मोठ्या मुलाला 5. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर यायला हवी, नाहीतर हृदयात रक्त नीट भरत नाही.

साध्या रुग्णालयात असा प्रसंग क्वचित येतो. तिथल्या डॉक्टर-नर्सना सवय असते मोठ्यांच्या छातीची. समोर एवढंसं मूल दिसलं की हात कचरतो, दाब उथळ पडतो.

दाब मोजायची सोय आहे. तळहाताखाली ठेवलेली छोटी चकती हालचाल टिपते, त्यावरून खोली आणि वेग कळतो. पण आकडे दिसतात बाजूच्या मॉनिटरवर. मान वळली की लय बिघडते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या बालरोगतज्ज्ञांनी हीच माहिती ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच्या चष्म्यात आणून पाहिली. मुलाची छाती आणि आपले हात दिसत राहतात, आणि त्याच नजरेत कळतं: अजून खोल हवं, किंवा जरा सावकाश. मला यातला हा साधेपणाच मोलाचा वाटतो.

हे प्रयोग पुतळ्यांवरचे आहेत. शिवाय चष्मा थकलेल्या हातांना बळ देत नाही. दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलावाच लागतो. सीपीआरच्या शिबिराला गेलात तर लहान मुलाचा पुतळाही मागून घ्या, आणि त्यावर सलग दोन मिनिटं दाब देऊन पाहा.