कळा आणण्याआधी पिशवीचं तोंड काय सांगतं?

तारीख उलटून गेली किंवा बीपी वाढलं, की डॉक्टर सांगतात, ‘ॲडमिट व्हा, कळा आणू या.’ मग लेबर रूममध्ये बोटांनी तपासणी होते आणि बाहेर बसलेल्या आईला नर्सताई सांगतात, ‘एकच बोट उघडलंय.’ त्या एका बोटावर घरातले सगळे रात्रभर अंदाज बांधत बसतात.

बोटांच्या या तपासणीला गुणांत बसवलं ते एडवर्ड बिशप या अमेरिकी डॉक्टरांनी, १९६४ मध्ये. पिशवीचं तोंड किती उघडलं, किती आखूड झालं, मऊ आहे की कडक, पुढे आहे की मागे आणि बाळाचं डोकं किती खाली आलं, यांचे मिळून १३ गुण. आठाच्या वर गुण असतील, तर कळा आणूनही नॉर्मल बाळंतपणाची शक्यता आपोआप कळा आल्याइतकीच असते. सहा किंवा त्याहून कमी असतील, तर आधी जेल, गोळ्या किंवा कॅथेटरचा फुगा वापरून तोंड मऊ करावं लागतं. बिशप यांनी ही मोजणी आधी बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी मांडली होती. आज ती पहिलटकरणीलाही सर्रास लावली जाते.

बोटांना मर्यादा आहेत. तोंड बंद असेल तर त्याचा आतला भाग हाताला लागतच नाही, आणि एकाच बाईला दोघांनी तपासलं तर गुण वेगळे येऊ शकतात. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत मात्र आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मिळते. त्याआधी लघवी करून यायला सांगतात, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे ही लांबी खोटीच वाढलेली दिसते. प्रोब जोरात दाबला तरी तेच होतं. म्हणून हलक्या हाताने तीनदा मोजून सर्वांत कमी आकडा धरतात. काही मिनिटांचं काम, आणि बऱ्याच जणींना ते बोटांच्या तपासणीपेक्षा कमी दुखतं.

लंडनमध्ये २४० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात २००१ साली दिसलं, की तोंडाच्या लांबीची २८ मिलिमीटरची सीमारेषा बिशप यांच्या गुणांपेक्षा चांगला अंदाज देते. पण अंदाज चांगला येणं वेगळं आणि बाळंतपण चांगलं होणं वेगळं. या दोन पद्धतींची थेट तुलना करणारे प्रयोग वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात दोनच सापडले, मिळून २३४ स्त्रियांचे. नॉर्मल बाळंतपण किंवा सिझर यांच्या प्रमाणात त्यांत ठळक फरक दिसला नाही.

म्हणून सोनोग्राफीची सोय नसलेलं रुग्णालय मागासलेलं ठरत नाही. आणि केवळ लांबी जास्त आली म्हणून थेट सिझर सुचवणं मला अजिबात पटत नाही. लांब तोंडही औषधांनी मऊ होतं, त्याला वेळ लागतो इतकंच. कधीकधी एक दिवस, कधी त्याहूनही जास्त.

तुमच्या घरात कुणाला कळा आणायचं ठरलं असेल, तर आधी डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचारा: कळा आत्ताच का आणायच्या, तोंड किती तयार आहे, आणि पहिल्या औषधाने काम झालं नाही तर पुढे काय करणार?