नऊ मिलिमीटरची बार्शी लाइट

माझ्या बार्शी स्टेशनावरचे सगळे वारकरी मुळात जर्मन आहेत. छोट्या रेल्वेसाठी मिळणारी माणसं तिकडूनच येतात: हॅट, ओव्हरकोट, हातात सूटकेस. त्यांच्या हॅटी ब्लेडने तासून टोप्या केल्या, फेविकॉलात भिजवलेल्या टिश्यू पेपरची धोतरं नेसवली, तांब्याच्या तारेवर चहाच्या पुड्याच्या कागदाची भगवी पताका चढवली. एका माणसाला पाऊण तास. असे एकेचाळीस आहेत. दोघा-तिघांच्या हातातल्या सूटकेस तशाच राहिल्या. वारीला सूटकेस घेऊन जाणारा एखादा असतोच, असं मी पाहुण्यांना ठोकून देतो.

या वेडाला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. पुण्यात भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. ते बघून घरी आलो तो डोकं फिरवूनच. पुढे एका नातेवाइकाने परदेशातून येताना एक संच आणला: इंजिन, तीन डबे आणि रुळांचं एक वर्तुळ. दिवाणावर मांडलं. गाडी गोल फिरते, आपण बघतो, ती पुन्हा गोल फिरते. पंधरवड्यात कळलं की मजा गाडीत नाही, गाडीच्या बाहेर काय आहे त्यात आहे. आणि माझ्या गाडीच्या बाहेर दिवाणाची चादर होती.

मग आपल्याकडची रेल्वे करायची ठरवलं आणि पहिल्याच हिशेबाला अडलो. एचओ या मापाचं मॉडेल म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्यासाठी मिळतात ते रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, कारण युरोप-अमेरिकेतली मूळ लाइन १४३५ मिलिमीटरची. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस आडवा निजेल एवढं. ते सत्त्याऐंशीने भागलं की सव्वाएकोणीस येतात. भारतीय डबा त्या रुळांवर ठेवला की पहिलवानाने पोराच्या चपला घातल्यासारखा दिसतो. बहुतेक जण हे चालवून घेतात. माझ्याने होईना.

सुटका बार्शीच्या आजोळाने केली. तिथली रेल्वे, बार्शी लाइट, अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. भागाकार केला: पावणेनऊ. आणि एन गेज या दुसऱ्या मॉडेल-मापाचे रूळ सर्रास मिळतात ते नऊ मिलिमीटरचे! फरक पाव मिलिमीटरचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत ही लाइन चालू केली. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचं गणित. त्यामुळे हलक्या रुळांवरही जड माल ओढता आला. पुढे ही लाइन एका बाजूला लातूरला, दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेला पोचली. माझ्यासाठी त्याने नऊ मिलिमीटरचीही सोय करून ठेवली, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. (या गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारायचे पॅराशूट बनवले. माझ्यापेक्षा त्याचे छंद महाग होते.)

सबंध लाइन सव्वातीनशे किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागूनही पावणेचार किलोमीटर होते, आणि माझ्याकडे होती सहा बाय अडीच फुटांची प्लायवूडची फळी. म्हणून एकच स्टेशन, एक ओढ्यावरचा पूल, बाकी सगळं गाळलं. २००३ मध्ये बार्शीला जाऊन पावलांनी फलाट मोजला, वहीत आकृत्या काढल्या. उरलेलं पुढच्या खेपेला मोजू म्हटलं. ती खेप लांबत गेली आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज होऊनही गेलं. मग आईच्या आणि मामांच्या आठवणींवर भिस्त. लिंबाचं झाड फलाटाच्या कुठल्या टोकाला होतं यावरून दोघं अजून एकमेकांचं ऐकत नाहीत. मी झाड तळाशी खिळा लावून सुटं ठेवलंय. कोण आलंय ते बघून हलवतो.

झाडं वाळक्या तुळशीच्या काड्यांची, गवत वखारीतल्या रंगवलेल्या भुशाचं. जमिनीसाठी मात्र रंग नको म्हटलं. बार्शीचीच काळी माती पिशवीभर आणली, वाळवली, चहाच्या गाळणीने चाळली, पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवली. काय दिसली म्हणून सांगू! आठवड्याभरात इंजिन कुरकुरायला लागलं, मग बंद पडलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी मिशी फुटलेली. आपली माती बेसाल्टची, तिच्यात लोहाचे कण. ते उडून सरळ मोटरमध्ये. माती पसरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवायचा असतो, एवढं साधं सुचलं नव्हतं. पुरती खरवडून काढायला एक पावसाळा गेला. चुंबक फिरवून पुन्हा तीच बसवली.

गेल्या आषाढात मामा आले. ऐंशी उलटलेले, पण खाली वाकून डोळे फलाटाच्या पातळीला आणले. वारकरी बघितले, सूटकेसवाल्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी ऐटीत गाडी सोडली.

"आरं, किती पळवायलास?"

मी बटण कमी केलं. एवढ्या लहान मोटरला हळू चालणं जमत नाही; रुळावर जरा धूळ असली तरी वीज तुटते. ओढ्याच्या पुलावर आचका देऊन गाडी थांबली. मी पुसायला फडकं शोधत होतो. मामांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आता कशी बार्शी लाइट वाटायली."